हद्दीपलीकडची मोजणी

किंग्सपोर्ट, टेनेसी
७ ऑक्टोबर १९९३

प्रिय लिओटामावशी,

फोनवर तुझं कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं, म्हणून लिहितेय. मंगळवारी मी तुमच्या लॅम्बर्ट लिकला येते आहे, आणि या वेळी कामासाठी. तुमच्याच खाणकामगारांच्या घरांच्या तिसऱ्या रांगेत, तुझ्यापासून दोन घरं सोडून राहणारे कायझर नवराबायको घरावर कर्ज काढतायत. कर्ज मिळवून देणाऱ्या कंपनीला घराची किंमत ठरवून हवीय, आणि त्यांनी मला बोलावलंय. डेल मला आणि संसार सोडून गेल्यापासून एवढं मोठं गिऱ्हाईक पहिल्यांदाच आलंय. हे काम नीट झालं तर त्या रांगेतली आणखी घरं मिळतील म्हणतात.

एकच घोळ आहे. माझं लायसन टेनेसीचं, आणि तुम्ही पडलात व्हर्जिनियात. नव्या नियमाप्रमाणे हद्दीपलीकडचं घर बघायला तिकडच्या बोर्डाचा तात्पुरता परवाना लागतो, प्रत्येक कामाला वेगळा. मी अर्ज केलाय, उत्तर आलेलं नाही. कंपनीचा माणूस गॅंट म्हणाला, "परवाना वाटेतच असेल. तुम्ही नुसतं बघून या, लिहायचं ते मागाहून लिहा." बघायला काय हरकत आहे?

जेवायला तुझ्याकडेच.

तुझी,
नेडीन


लॅम्बर्ट लिक, व्हर्जिनिया
९ ऑक्टोबर

नेडीन,

तू सहा महिन्यांची असताना तुझ्या आईनं तुला टोपलीत घालून ही हद्द ओलांडली होती. तेव्हा तू गाडीभर ओकलीस, आणि कुणी परवाना मागितला नाही. आता म्हणे घराकडे बघायलाही कागद लागतो. मी रोज बघते, मला पकडतील का?

ये. बीन्स आणि कॉर्नब्रेड करते. पण कायझरांचं काम आधी उरक, जेवून मोजायला गेलीस तर आकडे चुकशील. रँडल कायझर तोंडाचा फटकळ आहे, मनाचा वाईट नाही. खाण बंद झाल्यापासून लाकडाच्या वखारीत जातो. त्याची मिस्टी पोर कडेवर घेऊन दिवसभर एकटी असते. तिच्याशी दोन शब्द बोल, माणसाला आसुसलेली आहे.

लिओटामावशी


किंग्सपोर्ट
१५ ऑक्टोबर

प्रिय मावशी,

मंगळवारी तुझ्याकडे मी नीट जेवले नाही, ते तू ओळखलंस. पोट बिघडलंय म्हणाले ते खोटं होतं.

कायझरांच्या स्वयंपाकघरात मोरीच्या वर एक फट आहे. जुन्या घरात फटी असतातच, मी घाबरत नाही. पण मी तिच्यापाशी हात धरला, तर आतून गार वारा लागला. बाहेर तर हवा पडलेली होती. तो वारा खालून येत होता, मावशी. त्याला खालच्या बंद खाणीचा वास होता. आजोबांच्या कपड्यांना यायचा तोच.

मग मी घरामागे गेले. पायाचे दगड नव्यानं तडकलेत, तुटलेली बाजू अजून पांढरी आहे. परसातलं गवत बशीसारखं खोलगट झालंय. मिस्टी म्हणाली, "मागच्या दाराला दोनदा रंधा मारून घेतला, तरी बसत नाही." रँडल म्हणाला, "म्हातारी घरं कुरकुरतातच." पोर त्याच जमिनीवर रांगत होती.

फट आणि गवत, दोन्ही गोष्टी मी अहवालात लिहिणार आहे, गॅंटला फोनवर तसं सांगितलंही. पण दुसऱ्याच गोष्टीनं माझी झोप उडालीय. काल मी बोर्डाला फोन करून सहज विचारलं, परवाना यायच्या आधी नुसतं घर बघितलं तर चालतं का. तिथली बाई म्हणाली, "मोजायची टेप उघडलीत की काम सुरू झालं. असं केलं तर गुन्हा धरला जातो. आणि ते तुमच्या राज्याला कळवलं जातं. तुमचं नाव काय म्हणालात?"

मी फोन ठेवून दिला. आज परवाना आला. त्याच्यावर आजची तारीख आहे.

हे कुणाजवळ बोलू नकोस.

नेडीन


लॅम्बर्ट लिक
२० ऑक्टोबर

नेडीन,

तुझं पत्र सोमवारी आलं, पण त्याआधी शनिवारीच तो गॅंट माझ्याकडे येऊन गेला. म्हणजे मी काही बोलले असेन तर तुझी ताकीद मिळण्याआधी, हे लक्षात घे.

माणूस दिसायला सभ्य. दारात हॅट काढली, अ‍ॅपल पाय दोनदा मागून खाल्ला. म्हणाला, "तुमच्या भाचीचं काम फार चोख आहे. त्या दिवशी तुमच्याकडेच उतरल्या होत्या ना? कधी बरं?" मी म्हटलं, मंगळवारी, बाराव्या तारखेला. बीन्स केल्या होत्या, पण पोरीनं ताटाला हात लावला नाही. त्यानं खिशातून पेन काढून टिपून घेतलं. मला वाटलं, तुझ्या प्रवासाचा खर्च द्यायचा असेल.

आता तुझं पत्र वाचल्यापासून पेन काढतानाचा त्याचा हात माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. मी काही चुकीचं केलं का? लगेच लिही.

लिओटामावशी


किंग्सपोर्ट
२३ ऑक्टोबर

प्रिय मावशी,

तू काही चुकीचं केलं नाहीस. तुला माहीत नव्हतं.

त्याच शनिवारी संध्याकाळी मला गॅंटचा फोन आला होता. आवाज अगदी मऊ. म्हणाला, "बीन्सना हात लावला नाहीत म्हणे. मावशींना वाईट वाटलं." मला कळेना, याला हे कसं ठाऊक. तुझं पत्र आल्यावर कळलं.

पुढे म्हणाला, "फटीची आणि गवताची ती दोन वाक्यं काढून टाका. घर बघितल्याची तारीख परवान्यानंतरची घाला. मग बाराव्या तारखेला तुम्ही मावशीकडे जेवायला आला होतात, एवढंच मला आठवेल. नाहीतर बोर्डाला ती तारीख मीच कळवीन. इकडचं लायसन गेलं की तिकडचंही जाईल. मग काय करणार, पुन्हा हॉटेलात कपबशा?" मी हॉटेलात काम करायचे हे मी त्याला कधीच सांगितलं नव्हतं.

मी अहवाल अजून पाठवलेला नाही. टंकलेखन यंत्रावर तसाच लावलेला आहे. जेवताना मी त्याच्याकडे पाठ करून बसते. ती दोन वाक्यं खोडावीशी वाटतात, हे तुला खरं सांगते. कुणीच मेलं नाही तर माझं लायसन फुकट जाईल, असा विचार काल मनात आला. मग स्वतःचीच भीती वाटली.

आणि मावशी, एक विचारते. कायझरांकडची भेग घराला आडवी गेलीय, तुझ्या घराच्या दिशेनं. तुझ्याकडे कुठे काही तडकलंय का? दारं नीट लागतात?

नेडीन


लॅम्बर्ट लिक
२८ ऑक्टोबर

लाडके नेडीन,

मी सगळा विचार केलाय. मी शपथेवर सांगेन की बाराव्या तारखेला तू नुसती मला भेटायला आली होतीस. म्हातारीच्या ध्यानात तारखांचा घोळ होतो, कोण माझं तोंड धरणार? चर्चमध्ये मी पन्नास वर्षं खोटं बोलले नाही, त्या पुण्याईतलं थोडं आता खर्चते.

पण गॅंटच्या सांगण्यावरून काही खोडू नकोस. तुझ्या आजोबांचा एक मुकादम होता, असाच मऊ बोलायचा. छत टेकूवर तोललंय हे ठाऊक असून माणसं आत पाठवायचा.

इकडे थंडी सुरू झाली. पानं जवळजवळ गळाली. चर्चमधल्या वर्डीच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय, ती गावातल्या आपल्या घराच्या वरच्या मजल्याच्या खोल्या भाड्यानं देणार म्हणते. मी दोन बरण्या सफरचंदाचा मुरांबा तुझ्यासाठी ठेवलाय. मिस्टीच्या पोरीला दात आला.

जेवत जा.

लिओटामावशी


किंग्सपोर्ट
१ नोव्हेंबर

मावशी,

तू दातांचं लिहिलंस, गुडघ्याचं लिहिलंस, पानांचं लिहिलंस. मी विचारलं त्याचं एक अक्षर नाही.

तू अशी कधी वागत नाहीस. म्हणून मी पत्र तीनदा वाचलं.

शनिवारी मी गाडी काढून निघाले होते. हद्दीवरच्या पाटीपाशी पोचले आणि पाय ब्रेकवर गेला. गॅंटची कुणी ओळखीची माणसं रांगेत असतील, त्यांनी मला पुन्हा बघितलं तर काय, एवढंच डोक्यात. रस्त्याच्या कडेला बसून राहिले आणि परत फिरले. तुझ्याकडे यायला मी घाबरले, याची मला लाज वाटते.

तुझ्या घरात भेग आहे का? हो की नाही, एवढंच लिही.

नेडीन


लॅम्बर्ट लिक
१४ नोव्हेंबर

नेडीन,

हो.

उशीर झाला, रागावू नकोस. हे पत्र मी चार वेळा लिहून चुलीत घातलं.

तुझा हार्मनकाका असतानाच सुरुवात झाली होती. झोपायच्या खोलीत, पलंगामागे. तो म्हणाला, "कुणाला बोलू नकोस. एकदा सरकारच्या कानावर गेलं की रांगच्या रांग खाली करतील, आणि आपल्या हातात काय येईल?" तो गेला, आणि मी गप्प राहिले. थंडी येते म्हणून मी फटीत वर्तमानपत्र कोंबते. आधी एक पान पुरायचं. या वर्षी रविवारचा अख्खा अंक जातो, आणि आठवड्याभरात तो खाली कुठेतरी पडून जातो. पडल्याचा आवाज येत नाही.

मागच्या मंगळवारी मी भांडी विसळत होते. जमिनीखाली कुणीतरी बटाट्याचं पोतं टाकावं तसा आवाज झाला. कपाटातल्या बशा एकमेकींना लागल्या. कानातलं यंत्र काढून ठेवलेलं होतं, तरी मला ऐकू आला. म्हणजे तो मी पायांनी ऐकला.

तुला लिहिलं तर तू अहवालात लिहिशील, म्हणून लिहिलं नाही. माझं एवढंच घर आहे, पोरी. पण काल मिस्टी पोर घेऊन आली आणि म्हणाली, "लिओटामावशी, तुमच्याकडे पण आवाज येतो का हो? रँडल म्हणतो मला भास होतो." मी म्हटलं, नाही बाई, माझ्याकडे काही नाही.

ती गेल्यापासून मी खुर्चीतून उठलेले नाही. आता तुला काय करायचं ते कर.

लिओटामावशी


किंग्सपोर्ट
१७ नोव्हेंबर

मावशी,

मी केलं.

सकाळी तुमच्याकडच्या खाणखात्याला फोन लावला. त्या माणसानं विचारलं, "तुम्ही हे घर कुठल्या नात्यानं बघितलं?" भाची म्हणून, असं म्हणता आलं असतं. पण मग तो म्हणाला असता, भाचीला पायातलं काय कळतं, आणि फाईल बाजूला ठेवून दिली असती. मी म्हटलं, "व्हॅल्युअर म्हणून. टेनेसीचं लायसन आहे. त्या दिवशी माझ्याजवळ व्हर्जिनियाचा परवाना नव्हता." तो म्हणाला, "ते मला नको. गार वारा येतो म्हणालात, ते पुन्हा सांगा."

अहवाल खऱ्या तारखेसह पाठवला, दोन्ही वाक्यांसकट. बोर्डालाही मीच लिहिलं, गॅंट काय म्हणाला त्यासकट. पेटीत पाकीट टाकल्यावर वाटलं, हात घालून परत काढावं. पेटीपाशीच उभी राहिले. एक बाई म्हणाली, "बरं वाटत नाही का?"

वकिलाला भेटले. तो म्हणतो, बोर्डाची चौकशी संपेपर्यंत हद्दीपलीकडे पाऊल टाकू नका, तुम्ही साक्षीदार पढवताय असं गॅंट म्हणेल. साक्षीदार म्हणजे तू. त्यामुळे मला येता येत नाही. खात्याचा माणूस सोमवारी येईल. तो म्हणेल ते ऐक. वर्डीकडे खोली घे. आणि माझ्यासाठी खोटी शपथ घेऊ नकोस. आता तिची गरज उरली नाही.

नेडीन


वर्डीच्या घरून, गावात
५ डिसेंबर

नेडीन,

तो माणूस आला, दोरी लावून गेला. सहा घरं खाली करा म्हणाला. मी वर्डीकडे आले. पलंग आणला, कपाट आणता आलं नाही.

रांगेतली माणसं मला ओळख देत नाहीत. चर्चमध्ये माझ्या बाकावर मी एकटी असते. माझ्या दारावर कुणीतरी कोळशानं लिहिलं, "भाचीला सांग, इकडे येऊ नकोस." मी ते पुसलं. घर तसंही पडणारच आहे, पण पुसलं.

सगळे निघाले, कायझर मात्र निघेनात. रँडलचं कर्ज रद्द झालं, त्याचा राग. बुधवारी मी पर्स घेऊन त्याच्या स्वयंपाकघरात गेले आणि त्या फटीखालच्या खुर्चीत बसले.

तो म्हणाला, "काय काम काढलंत?"

मी म्हटलं, "काही नाही. तुम्ही राहणार, तर मीही राहणार."

"तुमच्या भाचीनं आमचं वाटोळं केलं, आणि तुम्ही इथे बसायला आलात?"

"हो. आणि मी मिस्टीशी खोटं बोलले, तेही सांगायला आले. माझ्याकडे आवाज येतो. आणि भेग हार्मन असल्यापासून आहे."

मिस्टीनं त्याच्याकडे बघितलं. तो म्हणाला, "म्हातारे, घरी जा." मी म्हटलं, "घर कुठलं?" तो वखारीत निघून गेला. मी बसून राहिले. नेडीन, मी आयुष्यात इतकी घाबरले नव्हते. मानेवर तो गार वारा येत होता आणि मी मिस्टीला लोकरीचा टाका दाखवत होते, टाका सारखा सुटत होता. दुपारी पुन्हा ते पोतं पडलं. या वेळी जवळ. मोरीतलं पाणी हललं. मिस्टी उठली, पोरीला चादरीत गुंडाळलं आणि चप्पल न घालता बाहेर गेली. मी तिच्यामागून गेले, तिचे बूट घेऊन.

संध्याकाळी रँडल मला वर्डीच्या जिन्यात भेटला. माझी पर्स राहिली होती, ती देऊन गेला. मंडळी त्याच्या आईकडे आहेत.

लिओटामावशी


गावात
१३ डिसेंबर

नेडीन,

तू बातम्यांत बघितलं असशील, तरी माझ्याकडून कळावं म्हणून लिहिते. शुक्रवारी सकाळी कायझरांचं स्वयंपाकघर खाली गेलं. मधली दोन घरं कलली. माझी झोपायची खोली गेली, पुढचा व्हरांडा उभा आहे. कुणाला काही झालं नाही. आत कुणी नव्हतंच.

मी दोरीपाशी उभी होते. रँडल शेजारी होता. त्या खड्ड्यात त्यांचा मोरीचा नळ दिसत होता, अजून गळत होता. रँडल म्हणाला, "तिथे ती पोरीला आंघोळ घालायची." मग तो रस्त्याच्या कडेला जाऊन ओकला.



लिओटामावशी


किंग्सपोर्ट
२० फेब्रुवारी १९९४

प्रिय मावशी,

तुला रिचमंडहून घरी सोडायला रँडल होता म्हणून बरं. बोर्डाच्या सुनावणीनंतर मला तुझ्याशी धड बोलताही आलं नाही.

तू त्या खुर्चीत बसलीस तेव्हा मला वाटलं, ही आता खोटं बोलणार. तुझ्या चेहऱ्यावर तसं दिसत होतं. अध्यक्षांनी विचारलं, "त्या कधी आल्या होत्या?" आणि तू म्हणालीस, "बाराव्या तारखेला. टेप घेऊन." मी डोळे मिटून घेतले. मग त्यांनी विचारलं, "आणखी काही सांगायचंय?" तर तू म्हणालीस, "परवान्याची वाट बघत बसली असती तरी फट तिथेच होती. पण नियम तुमचा आहे, तुम्ही ठरवा."

निकाल कळलाच आहे. लेखी ताशेरा, दंड, आणि दोन वर्षं व्हर्जिनियात काम करायला बंदी. माझ्या राज्यानं लायसन ठेवलं, पण फाईलवर ती नोंद कायमची. दोन बँकांनी काम देणं बंद केलं. गॅंटची कंपनी बंद झालीय आणि तो दुसऱ्या नावानं दुसरीकडे दलाली करतो असं ऐकते. फोन वाजला की अजून मी लगेच उचलत नाही. कपबशा धुवायला सकाळच्या वेळी जाते, हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी सांगते.

नेडीन


गावात
६ मार्च

नेडीन,

कपबशा धुण्यात काही कमीपणा नाही. माझ्यासारख्या धुतल्यास तर बरं, तुझ्या आईसारख्या धुतल्यास तर हॉटेल बुडेल.

भरपाईसाठी सरकारनं एक व्हॅल्युअर पाठवला. व्हर्जिनियाचा, सगळे कागद असलेला. भला माणूस. पण मोजायला काही उरलंच नव्हतं. दोरीपाशी उभा राहून म्हणाला, "बाई, आत कसं होतं ते सांगा." मी खोलीमागून खोली सांगितली. कपाट कुठे, हार्मनची खुर्ची कुठे, सकाळचं ऊन कुठवर यायचं. तो म्हणाला, उन्हाला रकाना नाही. तरी ऐकून घेतलं.

आता ऐक. तू ऑक्टोबरपासून माझ्या ताटावर बसलेली नाहीस. चौकशी संपली, तरी येत नाहीस. वर्डीचा मुलगा सांगत होता, तुझी गाडी हद्दीवरच्या पाटीपाशी दोनदा उभी दिसली. म्हणजे तू येतेस आणि परत फिरतेस.

मी बोर्डाला फोन केला. यंत्र काढून, वर्डीला मधे घालून. विचारलं, माझ्या भाचीवर बंदी आहे, तर ती जेवायला येऊ शकते का? त्या बाईला आधी कळेचना. मग म्हणाली, "अहो, जेवायला परवाना लागत नाही." मी तिला दोनदा म्हणायला लावलं, आणि नाव विचारून घेतलं.

मीही घाबरते. इथली फरशी पक्की आहे, तरी पाऊल टाकायच्या आधी टाच दाबून बघते. मिस्टी हसते मला. ती रविवारी पोर घेऊन येते, रँडल खाली गाडीत बसतो. गेल्या खेपेला वर आला.

ये. टेप घरी ठेव.

लिओटामावशी


किंग्सपोर्ट
१० मार्च

मावशी,

रविवारी येते. पाटीपाशी थांबेन बहुतेक, थोडा वेळ. वाढून ठेवू नकोस, मी आल्यावर वाढ.

नेडीन